एच-१बीचे लाख डॉलर, कलम १७४ आणि आपले आयटी शेअर

कऱ्हाकाठ (धागाकर्ता) | ४ जानेवारी २०२६

मंडळी, नमस्कार.

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बीच्या, म्हणजे परदेशी तज्ज्ञाला अमेरिकेत नोकरी करू देणाऱ्या व्हिसाच्या, नव्या अर्जामागे कंपनीने एक लाख डॉलर भरायचा आदेश काढला. तेव्हापासून इथे तीनचार धाग्यांवर हा विषय विखुरला आहे. कुणी लिहितो आयटी संपले, कुणी लिहितो काही फरक पडत नाही. दोन्हीकडून घाई होते आहे असे मला वाटते, म्हणून जरा बैजवार लिहितो.

मी पुण्यात एका आयटी सेवा कंपनीत बरीच वर्षे कंत्राटांचे दर लावण्याचे काम केले. क्लायंटला ताशी किती डॉलर सांगायचे, ऑनसाइट (क्लायंटच्या देशात) किती माणसे, ऑफशोअर (इथे भारतात) किती, बेंचचा, म्हणजे कामाविना बसलेल्या माणसांचा, खर्च कुठे बसवायचा, हे सगळे एका एक्सेल शीटमध्ये असते. बाहेरच्या सरकारने काही बदलले की आम्ही आधी ती शीट उघडायचो. आजही माझी तीच सवय आहे.

एक लाख डॉलर म्हणजे आजच्या भावाने नव्वद लाख रुपये. एच-१बी पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंतचा मिळतो. ऑनसाइट माणसाचे बिल उदाहरणादाखल ताशी ८० डॉलर धरा, वर्षाचे दोन हजार तास धरा, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार. त्यातून त्याचा अमेरिकेतला पगार, विमा, पगारावरचे कर आणि वरचा खर्च गेला की कंपनीच्या हाती जे उरते, ते तीन वर्षांचे मिळूनही या आकड्याला पुरे पडणे कठीण. ऑनसाइटवर मार्जिन बारीकच असते, पैसा ऑफशोअरला सुटतो, हे धंद्यातल्या कुणालाही विचारा. तेव्हा एवढी रक्कम भरून माणूस पाठवायचा हे शीटमध्ये बसतच नाही. कंपनी अर्जच करणार नाही.

पण अर्ज न करता कंपनी चालवायची तयारी मोठ्या कंपन्यांनी पंधरा वर्षांपासून केली आहे. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेने ज्यांचे अमेरिकेतले निम्म्याहून अधिक कर्मचारी एच-१बी किंवा एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) वर आहेत अशा कंपन्यांवर एच-१बीमागे २,००० डॉलरची जादा फी बसवली. त्या वेळी सिनेटर चक शूमर यांनी सभागृहात इन्फोसिसचे नाव घेऊन फार बोचरे शब्द वापरले होते, जुन्या लोकांना आठवत असेल. डिसेंबर २०१५ मध्ये ती फी ४,००० झाली. एप्रिल २०१७ मध्ये ‘अमेरिकन माल घ्या, अमेरिकन माणूस घ्या’ हा आदेश आला, अर्ज नाकारण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले, आणि पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने अमेरिकेत १०,००० स्थानिक माणसे घेण्याची घोषणा केली. जून २०२० मध्ये तर नव्या एच-१बीधारकांचा प्रवेशच काही महिने बंद होता. दर धक्क्याला ऑनसाइट आणखी पातळ झाले, स्थानिक भरती वाढली, काही काम कॅनडा-मेक्सिकोकडे सरकले.

आदेशाची भाषाही नीट वाचायला हवी. पहिल्या दिवशी वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी ही रक्कम दरवर्षी भरायची असल्यासारखे सांगितले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की ती एकदाच, तीही नव्या अर्जाला. नूतनीकरणाला नाही, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. पण तोवर लोकांची झोप उडाली होती, आणि सोमवारी २२ तारखेला निफ्टी आयटी निर्देशांक सुमारे ३ टक्के पडला. आदेशाची मुदत सध्या बारा महिन्यांची आहे. अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सने कोर्टात आव्हान दिले होते, पण २३ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी निकाल सरकारच्या बाजूने दिला.

आता मुद्द्यावर येतो. गुंतवणूकदाराने व्हिसापेक्षा अमेरिकेच्या करकायद्याकडे जास्त बघावे असे माझे ठाम मत आहे. व्हिसामुळे माणूस कुठे बसेल ते ठरते. करामुळे काम आपल्याला मिळेल की नाही ते ठरते. दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. एक, ‘हायर’ नावाचे विधेयक, जे ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबरमध्ये मांडले. अमेरिकन कंपनीने परदेशी सेवेसाठी दिलेल्या पैशांवर २५ टक्के कर, शिवाय तो खर्च वजावटीला धरायचा नाही. ते अजून विधेयकच आहे. दोन, करकायद्यातले कलम १७४, म्हणजे संशोधन-विकासाचा आणि सॉफ्टवेअर बनवण्याचा खर्च करातून कसा वजा करायचा ते ठरवणारे. हा मात्र लागू असलेला कायदा आहे आणि त्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिले जात नाही. त्यातले बारकावे निळीशाई ताईंनी सांगावेत, त्यांचा रोजचा विषय आहे.

---

सुपारीबाग | ४ जानेवारी

फार चांगला धागा. मी रत्नागिरीचा, बँकेतून निवृत्त. टीसीएसचे शेअर ऑगस्ट २००४ च्या आयपीओत ८५० रुपयांना मिळाले, ते आजतागायत ठेवले आहेत. २००६, २००९ आणि २०१८ असा तीनदा एकास एक बोनस मिळाला. लाभांश हा माझ्या पेन्शनचा दुसरा हप्ताच म्हणा. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता चर्चेचा नाही.

माझा साधा प्रश्न. या कंपन्यांचे निम्मे किंवा जास्त उत्पन्न अमेरिकेतून येते. तिथले सरकार दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन काढते. मग आमच्यासारख्यांनी कशावर नजर ठेवायची? टीव्हीवरची मंडळी रोज वेगळे सांगतात.

---

निळीशाई | ४ जानेवारी

कऱ्हाकाठ, आठवणीबद्दल आभार. माझे काम अमेरिकेत नोंदलेल्या पण पुण्यात-ठाण्यात टीम असलेल्या छोट्या कंपन्यांच्या हिशेबाचे. गेली चार वर्षे कलम १७४ ने आमच्या ऑफिसात घर केले आहे.

पूर्वी अमेरिकन कंपनी संशोधन-विकासावर जो खर्च करी तो त्याच वर्षी पूर्ण वजा करता येई, आणि सॉफ्टवेअर बनवण्याचा खर्चही त्यातच धरला जाई. २०१७ च्या करकायद्यात अशी तरतूद घातली की २०२२ पासून हा खर्च भांडवली धरायचा: काम अमेरिकेत झाले तर पाच वर्षांत विभागून वजा करायचा, अमेरिकेबाहेर झाले तर पंधरा वर्षांत. सगळ्यांना वाटले २०२२ यायच्या आत काँग्रेस हे मागे घेईल. घेतले नाही.

मग ४ जुलै २०२५ ला नवा मोठा करकायदा झाला. त्यात अमेरिकेत होणाऱ्या कामाला पुन्हा त्याच वर्षी पूर्ण वजावट मिळाली. इतकेच नाही, सरासरी वार्षिक उलाढाल ३.१ कोटी डॉलरपर्यंत असलेल्या छोट्या कंपन्यांना २०२२ ते २०२४ ची विवरणपत्रे सुधारून जादा भरलेला कर परत मागायची मुभाही दिली. मात्र परदेशातल्या कामाला यातले काहीही नाही. पंधरा वर्षे तशीच कायम.

हे किती लागते ते आकड्यांत मांडते. डेलावेअरमध्ये नोंदलेली एक छोटी प्रॉडक्ट कंपनी धरा. वर्षाचे उत्पन्न १२ लाख डॉलर. सगळी टीम बाणेरला, तिचा खर्च १० लाख डॉलर. हातात खरा नफा २ लाख. पण कायद्याने पहिल्या वर्षी १० लाखांचा पंधरावा भाग, तोही अर्ध्या वर्षाचाच धरायचा, म्हणजे ३३,३३३ डॉलर एवढीच वजावट. करपात्र उत्पन्न झाले ११ लाख ६६ हजार. त्यावर २१ टक्के म्हणजे २ लाख ४५ हजार डॉलर केंद्रीय कर. नफा दोन लाख आणि कर अडीच लाख! ही रक्कम लोक कर्ज काढून भरतात. पुढच्या वर्षांत वजावट हळूहळू साचत जाते, पण छोट्या कंपनीकडे तेवढा श्वास नसतो.

तीच टीम ऑस्टिनमध्ये असती तर पगार तिप्पट पडला असता हे खरे, पण त्या वर्षीचा कर नगण्य. आता संस्थापकाला पुण्यात टीम ठेवावी का हा प्रश्न पडतो तो इथे.

कुणाला लागू नाही तेही सांगते, कारण समाजमाध्यमांवर सरसकट लिहिले जाते. वापरात असलेल्या सॉफ्टवेअरची देखभाल, दोषदुरुस्ती, सपोर्ट, कॉल सेंटर, हिशेबाचे बॅक ऑफिस, हे यात येत नाही. नवे बनवणे आणि मोठी सुधारणा करणे येते. करारात नुकसानीची जोखीम कुणी घ्यायची आणि बनलेल्या सॉफ्टवेअरचे हक्क कुणाकडे, यावर हा खर्च कुणाच्या पुस्तकात जाईल ते ठरते. बहुतेक करारांत दोन्ही अमेरिकन क्लायंटकडे असतात, म्हणून पंधरा वर्षे त्याच्या माथी येतात.

मोठ्या कंपनीला याचा त्रास होतो, पण तिच्याकडे इतर वजावटी, इतर नफा, सल्लागारांची फौज असते. वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीकडे यातले काही नसते.

---

डोंगरवाट | ५ जानेवारी

निळीशाई ताईंचा प्रतिसाद वाचून मी सकाळपासून अस्वस्थ आहे, कारण हे माझ्या धंद्यात घडले आहे आणि तेव्हा मला कुणी असे समजावून सांगितले नव्हते.

माझी बाणेरला छोटी कंपनी आहे. एका अमेरिकन क्लायंटचे प्रॉडक्ट आम्ही पहिल्या ओळीपासून लिहिले. नाव सांगत नाही, माणूस भला आहे. २०२३ च्या वसंतात त्याचा फोन आला की त्याच्या सीएने कराचा आकडा सांगितला आणि त्याला वाटले बेरीज चुकली आहे. मग त्याने आमचे काम दोन भागांत तोडले. नवीन फीचर लिहायला टेक्सासमध्ये चार माणसे घेतली आणि आमच्याकडे देखभाल, तपासणी आणि सपोर्ट ठेवले. दर तासाचा तोच, पण माझी जी पोरे नवे काही बनवायची ती आता रात्री तक्रारींची तिकिटे मिटवतात. त्यातली दोघे सोडून गेली. चांगल्या हाताला असले काम किती दिवस धरून ठेवणार?

लाख डॉलरच्या आदेशाने माझे काडीचे बिघडले नाही, मी कधी कुणाला एच-१बीवर पाठवलेच नाही. पण बातम्या फक्त त्याच्याच. आमच्यासारख्या कंपन्या कुठल्या निर्देशांकात नाहीत, म्हणून त्यांचे नुकसान कुठल्या आलेखात दिसत नाही. पुण्यात अशा किती कंपन्या असतील, बाणेर-बालेवाडीच्या एकेका इमारतीत मजल्याला दोनतीन.

---

ओसरी | ५ जानेवारी (न्यू जर्सी)

कऱ्हाकाठ यांचा हिशेब पटला, पण "माणूस कुठे बसेल ते ठरते" हे वाक्य वाचून थांबले. तो माणूस म्हणजे आम्ही, म्हणून आमच्या बाजूने थोडे.

तो सप्टेंबरचा शनिवार आम्ही इथे कुणी विसरणार नाही. सोमवारी घटस्थापना होती, बरेच जण सुट्टी काढून घरी गेलेले. कंपन्यांचे ईमेल आले की शनिवारी रात्री बाराच्या आत अमेरिकेत परत या. माझ्या टीममधला एक जण आदल्याच दिवशी आईला भेटायला नगरला पोचला होता. त्याने बॅग उघडलीसुद्धा नाही, तसाच मुंबईला परत निघाला. विमानात बसायच्या आधी खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागूच नाही. आईचे दोन दिवस मात्र गेलेच.

आणि आता स्टॅम्पिंग, म्हणजे वकिलातीत जाऊन पासपोर्टवर व्हिसा लावून घेणे. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) च्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायचे ठरले आणि भारतातल्या हजारो लोकांच्या ठरलेल्या तारखा मार्चवर आणि त्याही पुढे गेल्या. पूर्वी कॅनडात किंवा मेक्सिकोत जाऊन स्टॅम्पिंग करून यायची सोय होती, सप्टेंबरपासून तीही गेली, मायदेशी किंवा जिथे कायमचे राहता तिथेच करायचे. माझी मैत्रीण भावाच्या लग्नाला साताऱ्याला गेली ती तिथेच अडकली आहे. नोकरी इथे, घराचा हप्ता इथे, मुलीची शाळा इथे. भारतात बसून अमेरिकेचे काम किती दिवस चालू द्यायचे यावर तिच्या कंपनीचे वकील रोज वेगळे सांगतात. शेअरच्या भावात हे येत नाही, पण कंपनीवरही याचा भार पडतो: प्रकल्पाचा म्होरक्याच अडकला तर क्लायंट किती थांबेल?

आणखी एक, ज्याबद्दल मी वर्षानुवर्षे बोलते आहे. इथे आमच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. त्याचे पेन्शन मिळायला चाळीस क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम. एच-१बी मुळात सहा वर्षांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत असणाऱ्यांना मुदतवाढ मिळते, बाकीचे परत जातात आणि ते पैसे इथेच राहतात. भारताचा जर्मनी, फ्रान्स अशा अनेक देशांशी याबद्दल करार आहे, अमेरिकेशी नाही. आपल्या कंपन्यांनी आणि सरकारने लाख डॉलरइतकाच आवाज यासाठी काढायला हवा होता.

---

तिरकीट | ५ जानेवारी

ओसरी, +१. वाचून घसा दाटला.

या मुद्द्यावर ब्रिटनकडून मात्र चांगली बातमी आहे. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, त्याबरोबर असेही ठरले की भारतातून तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कंपनीला तीन वर्षांपर्यंत तिथली सामाजिक सुरक्षा वर्गणी भरावी लागणार नाही. एप्रिल २०२५ पासून तिथे मालकाचा हिस्सा १५ टक्के झाला आहे, म्हणजे बचत थोडी नाही. अंमल सुरू व्हायचा आहे. लंडन, मँचेस्टरकडे माणसे पाठवणाऱ्यांच्या मार्जिनमध्ये हे दिसेल.

---

पाऊलखुणा | ६ जानेवारी

माझी मुलगी डॅलसला एमएस करते आहे, मे महिन्यात संपेल. आम्ही कोल्हापूरचे, शैक्षणिक कर्ज काढले आहे. ती म्हणते तिला लाख डॉलर लागू नाहीत. खरे का? आणि नव्या लॉटरीचे काय? रोज नवे काहीतरी कानावर येते आणि पोटात गोळा येतो.

---

कऱ्हाकाठ | ६ जानेवारी

पाऊलखुणा ताई, मुलगी म्हणते ते बरोबर आहे. २० ऑक्टोबरला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने लेखी स्पष्ट केले की देशात आधीच वैध स्टेटसवर असलेल्या माणसाने तिथल्या तिथे स्टेटस बदलून एच-१बी घेतला तर ही रक्कम लागत नाही. विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणे त्यातच आले. अट एकच: तिचा स्टेटस बदलायचा अर्ज मंजूर व्हायला हवा, आणि तो प्रलंबित असताना तिने देशाबाहेर पाऊल टाकू नये. हे तिच्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून आणि वकिलाकडून नक्की करून घ्या, माझ्या शब्दावर थांबू नका.

लॉटरीचे मात्र खरेच बदलले आहे. एच-१बी दरवर्षी ठरावीकच मिळतात, म्हणून आजवर चिठ्ठ्या टाकून नावे सरसकट काढली जायची, ६५ हजार अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांचे २० हजार. २९ डिसेंबरला प्रसिद्ध झालेल्या नियमाप्रमाणे आता पगाराच्या पातळीनुसार वजन मिळेल. चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, पातळीवरच्या माणसाचे नाव चार वेळा पेटीत, पहिल्या पातळीवरच्याचे एकदा. नियम २७ फेब्रुवारीपासून लागू, म्हणजे येत्या मार्चच्या नोंदणीलाच. नुकत्याच पास झालेल्या मुलांना बहुधा पहिली-दुसरी पातळी मिळते, त्यामुळे त्यांची शक्यता घटेल. पण तांत्रिक विषय असेल तर तिला ओपीटीची (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची मुभा) पहिल्या वर्षानंतर आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणजे एकाहून अधिक मार्च हाताशी राहतील. नोकरी स्वीकारताना पगाराइतकेच त्या गावात तो पगार कुठल्या पातळीत बसतो हेही बघायला सांगा. पातळी भागागणिक ठरते. तोच पगार सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या पातळीत जाईल आणि छोट्या गावात दुसऱ्या-तिसऱ्या.

सुपारीबाग काका, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले होते. मी शेअर घ्या-विका सांगणार नाही, पण मी काय बघतो ते सांगतो.

व्हिसाची बातमी आली की मी त्या दिवशी काही करत नाही. जून २०२५ पर्यंतच्या आकड्यांत टीसीएसच्या नावावर त्या आर्थिक वर्षातल्या ५,५०५ एच-१बी मंजुऱ्या होत्या, आणि तरीही ती यादीत दुसरी, अ‍ॅमेझॉनच्या १०,०४४ खालोखाल. सहा लाखांच्या आसपास माणसे असलेल्या कंपनीत पाच हजार म्हणजे किती ते तुम्हीच बघा. या रकमेचा भार अमेरिकन बड्या कंपन्यांवरही तेवढाच आहे.

मी पहिल्यांदा बघतो ते अमेरिकन बँका, विमा कंपन्या आणि दुकानांच्या साखळ्या खर्च करताहेत की हात आखडताहेत. आपल्या आयटीचा मोठा हिस्सा तिथून येतो. एप्रिल २०२५ मध्ये आयात शुल्काची घोषणा झाली तेव्हा सेवांवर एक पैसाही शुल्क नव्हते, तरी आयटी शेअर पडले, कारण क्लायंटने नव्या कामाचे निर्णय लांबवले. परदेशी धोरणाचा मोठा मार असा आडवाटेने येतो.

दुसरे, रुपया. डिसेंबरमध्ये डॉलर नव्वदच्या वर गेला. उत्पन्न डॉलरमध्ये, बराचसा खर्च रुपयांत, म्हणून मार्जिनला हातभार लागतो. पण तो किती दिवस टिकेल? कराराच्या नूतनीकरणाला बसले की क्लायंटचा खरेदी विभाग पहिल्याच बैठकीत म्हणतो, तुमचा रुपया घसरलाय, दर कमी करा. मी अशा बैठकांत बसलो आहे.

तिसरे जरा मोठे आहे. व्हिसा महाग झाला की अमेरिकन कंपनी काय करेल? माणूस इकडे येऊ शकत नाही तर काम तिकडे पाठवू, आणि तेही मध्ये कुणी न ठेवता, स्वतःच्या ऑफिसात. अशा ऑफिसांना आपण जीसीसी (ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर) म्हणतो. आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी झिनोव्ह यांच्या पाहणीप्रमाणे २०२४ च्या आर्थिक वर्षात देशात १,७०० हून अधिक जीसीसी होती आणि तिथे १९ लाख लोक कामाला होते. खराडीला, हिंजवडीला, बाणेरला जे नवे काचेचे मजले भरताहेत ते बघा. हे काम पुण्यातल्या मुलाला मिळते, बहुतेकदा सेवा कंपनीपेक्षा चांगल्या पगाराने. पण टीसीएस, इन्फोसिस, विप्रोच्या शेअरधारकाच्या खिशात त्यातले काही येत नाही, उलट चांगली माणसे त्यांच्याकडून तिकडे जातात. तेव्हा घरात मुलगा आयटीत असेल आणि कपाटात आयटीचे शेअर असतील तर एकाच धोरणाचे परिणाम दोघांवर निराळे होतील, हे धरून चाला.

---

मांडवीकर | ६ जानेवारी

गोव्यातल्या पर्वरीहून लिहितो. मी बोस्टनच्या एका छोट्या स्टार्टअपसाठी घरून काम करतो, त्यामुळे निळीशाई ताईंचे उदाहरण म्हणजे माझीच कंपनी. आम्हाला पैसे घातलेल्या गुंतवणूकदारांनी मागच्या बैठकीत सरळ विचारले की इंजिनियर भारतात का? पूर्वी ते कौतुकाने विचारायचे.

‘हायर’ विधेयकाची भीती किती धरायची? ते आले तर आम्ही तर गेलोच.

---

निळीशाई | ६ जानेवारी

मांडवीकर, आधी आकडा. आज अमेरिकन कंपनीने भारतातल्या सेवेचे १०० डॉलरचे बिल भरले आणि ते त्याच वर्षी वजा झाले, तर २१ टक्के कर वाचून ते तिला ७९ ला पडते. त्या विधेयकाप्रमाणे वजावट जाईल आणि वर २५ लागतील, म्हणजे १२५. ७९ चे १२५ झाले तर साध्या कामांतला दराचा फायदा बराचसा पुसला जाईल. जीसीसीलाही सुटका नाही, कारण स्वतःच्या भारतीय कंपनीला दिलेला पैसाही परदेशीच.

पास होईल का? हे ओझे शेवटी अमेरिकन बँका, रुग्णालये, दुकाने यांच्यावरच पडणार, आणि त्यांचा आवाज काँग्रेसमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून जसेच्या तसे होईल असे मला वाटत नाही. पण सिनेटमध्ये साठ मते लागतात म्हणून निर्धास्त राहा असे जे लिहिले जाते ते मला मान्य नाही. कराच्या तरतुदी अर्थसंकल्पी वाटेने साध्या बहुमताने नेता येतात, ४ जुलैचा कायदा तसाच गेला. त्याच कायद्यातल्या परदेशी पैसे पाठवण्यावरच्या कराचा प्रवास आठवा: सुरुवात ५ टक्क्यांनी, मग साडेतीन, शेवटी १ टक्का, तोही रोख किंवा मनी ऑर्डरसारख्या मार्गाने पाठवले तरच. बँक खात्यातून पाठवणाऱ्याला काही नाही. तो १ जानेवारीपासून लागू झाला आहे. सौम्य झाला, पण झाला. ‘हायर’मधला एखादा तुकडा असाच कशाला तरी जोडून येऊ शकतो, त्यावर माझे लक्ष आहे.

---

वाळुंजकर | ७ जानेवारी

थोडे अवांतर, पण धोरण किती झपाट्याने फिरते त्याचे उदाहरण. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन सरकारने जाता जाता एआय चिपच्या निर्यातीचा नियम काढला. मोकळीक फक्त अठरा मित्रदेशांना, भारत त्यात नव्हता, आपल्यासाठी चिपच्या संख्येवर मर्यादा. अंमल १५ मेपासून. नवी मुंबईत डेटा सेंटर बांधणाऱ्यांना सगळे वेळापत्रक नव्याने मांडायची वेळ आली होती. आणि १३ मे रोजी ट्रम्प सरकारने तो रद्द केल्याचे जाहीर केले, अंमलाच्या दोन दिवस आधी. त्या चार महिन्यांत ज्यांनी घाबरून शेअर विकले त्यांना काय सांगायचे?

---

सुपारीबाग | ७ जानेवारी

कऱ्हाकाठ, इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. जीसीसीचा मुद्दा मला कुणी असा उलगडून सांगितला नव्हता. माझा भाचा खराडीला एका अमेरिकन बँकेच्या ऑफिसात आहे आणि दर दिवाळीला म्हणतो, मामा, आमच्याकडे भरती जोरात चालू आहे. मी त्यावरून माझ्या शेअरचा अंदाज बांधत होतो.

शेअर ठेवणार आहे. फक्त निम्म्याहून जास्त पुंजी एकाच क्षेत्रात आहे ती या वयात थोडी पांगवीन म्हणतो.

---

डोंगरवाट | ७ जानेवारी

निळीशाई ताई, एक कामाचा प्रश्न. तुम्ही लिहिलेत की जोखीम आणि हक्क कुणाकडे यावर खर्च कुणाच्या पुस्तकात जाईल ते ठरते. मग क्लायंटशी ठरवून, ठरावीक रकमेत तयार प्रॉडक्ट देण्याचा करार केला, काम फसले तर नुकसान माझे, आणि हक्क आधी माझ्या भारतीय कंपनीकडे ठेवून त्याला फक्त वापराचा परवाना दिला, तर पंधरा वर्षांतून तो सुटेल का?

---

निळीशाई | ८ जानेवारी

डोंगरवाट, दिशा बरोबर आहे आणि काही जण तसे करताहेत. जोखीम खरोखर तुमची आणि हक्कही तुमचे असतील तर विकासाचा खर्च तुमचा होतो, आणि क्लायंट फक्त परवान्याची फी भरतो. पण तीन ठिकाणी जपा. तुमच्या क्लायंटचे गुंतवणूकदार प्रॉडक्टचे हक्क परदेशी कंपनीकडे राहायला सहसा तयार होत नाहीत. परवान्याची फी रॉयल्टी ठरली तर अमेरिकेत उगमकर (आपल्या टीडीएससारखा) आणि दोन देशांमधला करकरार हा वेगळा विषय उघडतो. आणि ठरावीक रकमेचे काम फसले तर ते खरेच तुमच्या अंगावर येणार, कागदावरची जोखीम आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे करखाते, मानत नाही. छोट्या कंपनीने ती किती घ्यावी याचा आधी तुमच्या बँकेतल्या शिलकीवरून विचार करा.

सध्याच्या करारातला हक्कांचा आणि पेमेंटचा परिच्छेद नावे खोडून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, या आठवड्यात बघते.